आशीर्वादाचें ओझें : पंडिता रमाबाई ह्यांचें चरित्र

खेड्यापाड्यांतील आमच्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार कानीं पडतो. एखाद्या घरीं बाप्तिस्मा होतो, आणि त्याच वर्षीं बैल मरतो, मूल आजारी पडतें, किंवा भाऊबंद दाराशीं येईनासे होतात. मग शेजारी विचारतात कीं, देवानें तुम्हांस आशीर्वाद दिला असेल तर हें दुःख कां? उपदेशकास तेथें उत्तर द्यावें लागतें. आणि खरें पाहिलें तर तोच प्रश्न पुष्कळदां त्याच्याही अंतःकरणांत असतो. ह्या प्रश्नास तोंड देतांना पंडिता रमाबाईंच्या चरित्राचें मोठें साह्य होतें, म्हणून तें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा दंडक असतां त्यांनीं आपल्या पत्नी लक्ष्मीबाईंस ती भाषा शिकविली, जातभाईंचा रोष ओढवून घेतला, आणि रानांत बिऱ्हाड केलें. पुढें आईनें तीच विद्या रमाबाईंस दिली. ह्या घरास विद्येचा आशीर्वाद लाभला होता खरा; पण त्याची किंमत पहिल्या दिवसापासून द्यावी लागली.

रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असतांना कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, आणि तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यांत घालून हमालाच्या डोक्यावर दिलें. तेव्हांपासून क्षेत्रोक्षेत्रीं पुराणें वाचावीं व लोक जें देतील त्यावर राहावें, असा त्यांचा क्रम चालला. पुढें दक्षिणेंत घोर दुष्काळ पडला. पैसा संपला, होतें नव्हतें तें विकलें, रानांतला पाला खाऊन दिवस काढले. थोड्याच महिन्यांच्या अंतरानें वडील, आई व थोरली बहीण हीं तिघेंही गेलीं. आईचें प्रेत उचलण्यास पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हां तें ओझें मुलीनेंही वाहिलें.

मागें राहिलीं दोघें, रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास. तीं दोघें हजारों मैल पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं ह्या तरुण मुलीचें ज्ञान पाहून तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशीं विवाह केला. वर दुसऱ्या जातीचा म्हणून लोक दुरावले. १८८१ सालीं कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति महामारीनें गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षीं ही विदुषी तान्हें मूल कडेवर घेऊन विधवा म्हणून उभी राहिली.

त्या पुण्यास आल्या. १८८२ सालीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, व हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन हिंदी स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर व शिक्षिका तयार कराव्या अशी मागणी केली. मग वैद्यक शिकावें ह्या हेतूनें त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. तेथें ऐकूं कमी येत असल्यामुळें तो हेतु सिद्धीस गेला नाहीं. परंतु वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्यांनीं प्रभूस ओळखिलें, आणि ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

आतां तरी संकटें सरलीं असतील असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. ज्या पुण्यानें त्यांचा सन्मान केला होता तेथेंच आतां निंदा होऊं लागली. ज्या भगिनींनीं आश्रय दिला त्यांच्याशींही कित्येक मतांविषयीं वाद झाले. कारण केवळ कोणी सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानणें हें रमाबाईंच्या स्वभावांत नव्हतें. शिवाय त्यांचा विश्वास एका दिवसांत पुरा झाला नाहीं. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं, १८९१ च्या सुमारास, त्यांस उमजलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, पण स्वतः ख्रिस्ताच्या हातीं आपण अजून पुरत्या गेलों नाहीं. तेव्हां त्यांनीं आपणांस सर्वस्वीं त्याच्या स्वाधीन केलें. मंद विश्वासाच्या बंधुभगिनींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

दरम्यान त्या अमेरिकेस जाऊन हिंदी विधवांकरितां साह्य मिळवून आल्या होत्या, आणि ता. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें होतें. तें पुढें पुण्यास नेलें. तेथें कोणावर धर्माची सक्ति नव्हती. पण रमाबाई आपली प्रार्थना दार उघडें ठेवून करीत, व ज्या मुलींस वाटे त्या येऊन बसत. ह्यावरून १८९३ सालीं मोठा गहजब झाला. रानडे, भांडारकर ह्यांसारखे सल्लागार बाजूस झाले, आणि पुष्कळ मुली पालकांनीं काढून नेल्या. दार लावून घेतलें असतें तर हें सारें टळलें असतें. त्यांनीं तें लावलें नाहीं, आणि सदनही मोडलें नाहीं.

पुढें १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील उपाशी मुली पाहून त्यांस आपलें बाळपण आठवलें, आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या. त्याच वेळीं पुण्यांत प्लेग होता. म्हणून केडगांवच्या शेतांत त्यांस ठेविलें, आणि तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही मुली आल्या, आणि हें कुटुंब दीड हजारांवर गेलें. देवानें रमाबाईंस लेंकरें दिलीं, पण प्रत्येक लेंकराबरोबर एक रिकामें पोट दिलें. मुली रोगानें पिडलेल्या, भेदरलेल्या, कित्येक मरणोन्मुख अशा येत, आणि कांहीं जगल्याही नाहींत. ठराविक उत्पन्नाचा भरंवसा नव्हता. रोज प्रार्थना करावी, रोज काम करावें, आणि जें येईल त्यांत दिवस ढकलावा. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम व छापखाना चालविला. पतित स्त्रियांसाठीं कृपासदन झालें, आंधळ्यांसही शिक्षण मिळालें. १९०५ सालीं तेथें मोठें संजीवन झालें. त्याचीही कित्येकांनीं टीका केली.

आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं इब्री व ग्रीक भाषा शिकून साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. खिळे जुळविण्याचें काम मुक्तीच्याच मुली करीत. काम शेवटास येत असतां १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. जिच्यावर पुढचा सारा भार सोंपवावयाचा, तीच मुलगी आईच्या आधीं गेली. रमाबाई तरीही भाषांतराजवळच बसून राहिल्या. तें पुरें करून ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूजवळ गेल्या. त्यांचें मुक्तिसदन केडगांवीं आजही चालू आहे.

ह्या चरित्रांत आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. विद्या मिळाली म्हणून जात दुरावली. विश्वास मिळाला म्हणून मित्र दुरावले. लेंकरें मिळालीं म्हणून चिंता वाढली. प्रभूची माता मरीया हिला स्त्रियांमध्यें धन्य म्हटलें, आणि तिच्याच जिवांत तरवार शिरेल असेंही सांगितलें. पेरणीचा पाऊस पडला म्हणजे शेतकऱ्यास विसांवा मिळत नाहीं, त्याचें काम वाढतें. पण म्हणून पाऊस हा शाप आहे असें कोणी म्हणत नाहीं.

तसेंच देवाचें साह्य कसें येतें हेंही येथें दिसतें. त्यानें दुष्काळ थांबविला नाहीं, मनोरमेचें मरण टाळलें नाहीं. पण ज्या मुलीनें उपास सोसला होता, तिलाच त्यानें उपाशांची आई केलें. तिचें एकही दुःख त्यानें वायां जाऊं दिलें नाहीं. वर्षांचें धान्य एकदम कोठारांत आलें नाहीं. दिवसाचें दिवसास आलें.

तेव्हां, बंधुभगिनींनो, दुःख आलें म्हणून आशीर्वाद गेला असें समजूं नका. शेजारी विचारील तर त्यास रमाबाईंची गोष्ट सांगा, आणि ज्याच्या घरीं आज संकट आहे त्याच्या घरीं जाऊन त्याचें थोडें ओझें आपल्या खांद्यावर घ्या. देवाचें साह्य पुष्कळदां अशाच पायांनीं चालत येतें.