शाळामास्तर लुडविग सिलो

आपल्या सोसायटीत कोणाच्या मुलाने किंवा मुलीने एम.एस्सी.ला गणित घेतलं असेल, तर सिलोचं नाव घरात नक्की ऐकू आलं असेल, बहुतेक परीक्षेच्या आदल्या रात्री! सिलोची प्रमेयं आल्याशिवाय बीजगणिताचा पेपर सुटत नाही. पण हा सिलो चाळीस वर्षं शाळामास्तर होता, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. म्हणून ही ओळख.

लुडविग सिलोचा जन्म १२ डिसेंबर १८३२ चा, नॉर्वेतल्या ख्रिस्तियानियाचा, म्हणजे आजच्या ऑस्लोचा. विद्यार्थी असतानाच त्याने विद्यापीठाची गणिताची स्पर्धा जिंकली. पण विद्यापीठात नोकरी कुठली? मग शिक्षकाची परीक्षा दिली आणि १८५८ साली स्वीडनच्या सरहद्दीजवळच्या फ्रेडरिक्सहाल्ड या लहान गावात शाळेत रुजू झाला. दिवसभर वर्ग आणि उरलेल्या वेळात आबेल नि गाल्वा यांच्या ग्रंथांचा अभ्यास, असं सुरू झालं. आबेल नॉर्वेचाच, सव्विसाव्या वर्षी गेला. फ्रान्सचा गाल्वा तर विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात गेला, सिलो जन्मला त्याच वर्षी. दोघांचंही काम समजणारी माणसं तेव्हा फार थोडी होती.

१८६१ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा सिलो बर्लिन आणि पॅरिसला जाऊन आला. पुढच्या वर्षी विद्यापीठात बदली व्याख्याता म्हणून थोडे दिवस शिकवायला मिळालं. तिथे त्याने गाल्वाचा सिद्धांत शिकवला. ऐकणाऱ्यांत सोफस ली नावाचा तरुण होता, पुढे जगप्रसिद्ध झालेला. बदलीचं काम संपलं आणि सिलो परत शाळेत.

आता त्याचं गणित. एखादी वस्तू अशी फिरवायची, की फिरवल्यावर ती होती तशीच दिसावी. अशा सगळ्या फिरवण्यांचा मिळून जो संच होतो, त्याला गणितात ग्रुप म्हणतात (व्हॉट्सॲपचा नव्हे!). चार सारख्या त्रिकोणांचा ठोकळा घ्या. तो असा एकूण १२ प्रकारे फिरतो, 'जागेवरच ठेवणं' हाही त्यातलाच एक प्रकार. या मोठ्या ग्रुपच्या पोटात लहान ग्रुपही असतात. त्यांचा आकार १२ ला निःशेष भाग जाईल असाच असावा लागतो, हे आधीपासून माहीत होतं. पण भाग जातो म्हणून त्या आकाराचा ग्रुप असेलच, असं मात्र नाही. ६ ने १२ ला भाग जातो, तरी या ठोकळ्यात ६ चा ग्रुप सापडत नाही. मग खात्री कशाची द्यायची?

सिलोने ती खात्री दिली. संख्येचे मूळ अवयव पाडा. १२ म्हणजे २ × २ × ३. एकाच मूळ संख्येचे जेवढे अवयव असतील, ते सगळे एकत्र गुणा: इथे ४ आणि ३. या आकारांचे ग्रुप असणारच, ग्रुप कोणताही असो. आणि ते किती असतील, यालाही त्याने नियम घातला. त्यांच्या संख्येला त्या मूळ संख्येने भागलं, तर बाकी १ उरलीच पाहिजे. ठोकळ्याचा एक कोपरा धरून बाकीचा फिरवला, की ३ चा ग्रुप मिळतो. कोपरे चार, म्हणून असे ग्रुप चार. चाराला तीनाने भागा, बाकी १!

हे सगळं १८७२ साली एका जर्मन गणितपत्रिकेत छापून आलं, अवघ्या दहा पानांत. तेव्हा त्याच्या शाळेतल्या नोकरीला चौदा वर्षं झाली होती. पुढे फ्रोबेनियस, बर्नसाइड अशा मोठमोठ्यांनी त्यावरच इमारत उभी केली. सांत ग्रुपचा अभ्यास करणारा आजही पहिलं पाऊल सिलोच्या प्रमेयांवरच टाकतो.

आणि त्यानंतर सिलोने काय केलं? आपल्या प्रमेयांच्या मागे न धावता आठ वर्षं आबेलचं समग्र लेखन संपादित करण्यात घालवली. सोबत ली होता, पण बरंचसं काम सिलोनेच केलं, हे लीनेही मान्य केलं. १८८१ मध्ये ते दोन खंड निघाले. दुसऱ्याच्या अर्ध्या राहिलेल्या आयुष्याला आपली ऐन उमेदीची वर्षं द्यायची, हे सोपं नाही हो.

कोपनहेगन विद्यापीठाने १८९४ साली त्याला मानद डॉक्टरेट दिली, तेव्हाही तो शाळेतच शिकवत होता. शेवटी लीनेच खटपट करून ख्रिस्तियानियाच्या विद्यापीठात त्याच्यासाठी खास जागा निर्माण करवली. १८९८ साली सिलो प्राध्यापक झाला, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. आपल्याकडे मास्तर अठ्ठावन्नाला निवृत्त होतात. सिलो त्यानंतर सात वर्षांनी नव्या नोकरीवर हजर झाला आणि ७ सप्टेंबर १९१८ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्याच पदावर असताना गेला.