साखरेच्या स्फटिकापासून क्रॅश टेस्टपर्यंत

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दोन गोष्टी मोठ्या प्रमाणावर तयार होतात. एक साखर, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही नावं सगळ्यांच्या ओळखीची. दुसरी वाहनं, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओची तीनचाकी आणि २०१२पासून व्हेस्पा स्कूटर बनते. साखरेचा आणि वाहनाचा संबंध ट्रॉलीभर उसापुरताच, असं आपल्याला वाटतं. पण चाचणीच्या वेळी वाहनाला बसणारे हादरे मोजायला जो गुणधर्म उपयोगी पडतो, तो प्रथम दिसला त्या मोजक्या पदार्थांत उसाची साखरही होती. तो शोधणाऱ्या दोघा भावांपैकी धाकटे म्हणजे पिअर क्युरी.

पिअर यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील डॉक्टर होते. मुलगा आपल्याच गतीने विचार करतो, हे ओळखून त्यांनी त्याला शाळेत घातलं नाही. शिक्षण घरीच झालं. अठराव्या वर्षी पदवी मिळाली, पण पुढे शिकायला पैसे नव्हते. मग पिअर यांनी सोरबोन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची नोकरी धरली.

१८८० साली ते आणि थोरले भाऊ झाक स्फटिकांवर प्रयोग करत होते. काही स्फटिक ठरावीक दिशेने दाबले, की त्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर विद्युतभार जमा होतो, असं त्यांना आढळलं. क्वार्ट्झ, टूरमलिन, पुष्कराज, रोशेल मीठ आणि उसाची साखर या सगळ्यांत तो दिसला. दाब दुप्पट केला तर विद्युतभारही दुप्पट. म्हणजे दाबाचं थेट विजेत रूपांतर होत होतं आणि वीज मोजता येत होती. या गुणधर्माला पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. साखर दमट हवेत टिकत नाही, म्हणून उपकरणात जागा मिळाली ती टणक क्वार्ट्झला.

क्वार्ट्झची पातळ पट्टी आणि तिला टांगलेली वजनं, एवढ्यावर या भावांनी अत्यंत क्षीण वीज मोजण्याची युक्ती तयार केली. १८९५ साली पिअर यांचं मेरी यांच्याशी लग्न झालं. पुढे युरेनियममधून निघणाऱ्या किरणांचा अभ्यास मेरी यांनी हाती घेतला, तेव्हा या किरणांमुळे हवेतून वाहणारा नाममात्र प्रवाह मोजायला हीच युक्ती कामी आली. पिचब्लेंड नावाच्या खनिजाचं मापन युरेनियमच्या हिशेबापेक्षा जास्त भरलं. त्या फरकाचा माग काढत दोघांनी १८९८मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधलं. १९०३चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना बेकरेल यांच्यासोबत विभागून मिळालं.

इतकी सूक्ष्म मोजमापं करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या शरीराकडे मात्र दुर्लक्ष केलं. रेडियमचा परिणाम पाहायला त्यांनी ते काही तास आपल्याच दंडावर बांधलं. झालेली जखम भरायला कित्येक आठवडे लागले. त्या निरीक्षणातून पुढे कर्करोगावरच्या किरणोपचाराला वाट मिळाली. पण सततचा थकवा आणि पायांतल्या वेदना त्यांनी संधिवात समजून अंगावर काढल्या.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. पाँ नफ या पुलाजवळचा रस्ता ओलांडताना पिअर यांचा पाय घसरला आणि ते लष्करी सामानाने भरलेल्या घोडागाडीखाली सापडले. गाडीचं वजन सुमारे सहा टन होतं. मागचं चाक डोक्यावरून गेलं आणि ते जागीच गेले. वय अवघं ४६. मागे मेरी आणि दोन लहान मुली राहिल्या. त्यांची सोरबोनमधली अध्यापनाची जबाबदारी मेरी यांच्याकडे आली.

त्यांचं काम थांबलं नाही. त्यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकायला क्वार्ट्झपासून ध्वनिलहरी काढल्या. आजच्या सोनोग्राफीच्या यंत्राचं मूळ तिथं आहे. वाहनांच्या चाचणीत हाच गुणधर्म ॲक्सिलरोमीटर या संवेदकात दिसतो. त्यात स्फटिकावर किंवा खास सिरॅमिकच्या चकतीवर एक छोटं वजन बसवलेलं असतं. गाडी खड्ड्यात आदळली की ते वजन चकतीला दाबतं, वीज निर्माण होते आणि गाडीतलं नोंदयंत्र तिचा आकडा साठवतं. इंजिनातला दाब आणि ठोके मोजायलाही असे संवेदक वापरतात. काही कामांसाठी आता सिलिकॉनच्या चिपवरचे वेगळ्या तत्त्वाचे संवेदक आले आहेत, पण उद्देश तोच आहे. चालकाला नुसता दचका जाणवतो. तो किती होता आणि नेमका केव्हा बसला, हे नोंद सांगते.

या नोंदीचं मोल कळतं ते क्रॅश टेस्टमध्ये. टक्कर पापणी लवेपर्यंत संपते. तेवढ्यात मानवी पुतळ्याच्या डोक्यातल्या संवेदकांकडून सेकंदाला दहा हजार किंवा त्याहून जास्त या गतीने आकडे नोंदले जातात. डोक्याला बसलेला झटका किती तीव्र होता आणि किती काळ टिकला, यावरून मेंदूला इजा होण्याचा धोका काढतात. सीटबेल्ट, एअरबॅग आणि गाडीचा सांगाडा यांत सुधारणा होते ती या आकड्यांवरून.

दुचाकीस्वाराला मात्र सांगाड्याचं संरक्षण नसतं. त्याच्यासाठी ही नोंद हेल्मेटच्या चाचणीत होते. आयएसआय शिक्क्यासाठी हेल्मेट कृत्रिम डोक्यावर चढवून उंचावरून लोखंडी ऐरणीवर आदळतात आणि आतला संवेदक डोक्यापर्यंत किती झटका पोहोचला ते नोंदतो. तो ठरलेल्या मर्यादेत असेल, तरच हेल्मेट पास होतं. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या स्वस्त टोपीच्या आत असा संवेदक कधी बसला होता का, याची कसलीच खात्री नसते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या गर्दीतून बारामती-इंदापूर रस्त्यावर स्कूटर काढण्याआधी हेल्मेटच्या मागचा शिक्का एकदा पाहून घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा सुटा असेल, तर चाचणीत पास झालेलं हेल्मेटही डोक्यावर राहत नाही.