खाशाबा जाधव : उपजत चपळाई आणि कमावलेली विद्या

पाटण खोऱ्यातून वाहत आलेली कोयना कराडला कृष्णेस मिळते. या संगमाच्या परिसरातील गोळेश्वर हे खाशाबा दादासाहेब जाधव यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत धाकटे असलेले खाशाबा अगदी बालवयातच लाल मातीत उतरले. त्यामुळे कुस्ती त्यांच्या रक्तातच होती, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच सत्य होय.

पैलवान म्हटला की जो धिप्पाड देह डोळ्यांसमोर येतो, तो खाशाबांना लाभला नव्हता. चणीने ते लहानखुरे होते. जन्मतः मिळाली होती ती चपळाई. तिला पहिले वळण वडिलांनी लावले. पुढे बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांनी ती घडविली. ढाक या डावावरील त्यांची हुकमत ही तालमीतील मेहनतीची कमाई होती.

१९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्यामुळे ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवखे होते. तरीही ५२ किलो गटात त्यांनी सहावे स्थान मिळविले. परतल्यावर त्यांनी उणिवा हेरून चार वर्षे कसून सराव केला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पुन्हा पैशांची अडचण उभी राहिली. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गावकऱ्यांनीही वर्गणी जमविली. तेथे ५७ किलो गटात कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना नमवून खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. मायदेशी परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची भव्य मिरवणूक निघाली.

लंडनला गेलेले आणि हेलसिंकीला गेलेले खाशाबा जन्माने एकच होते. सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर त्यांना नेले ते मधल्या चार वर्षांच्या अभ्यासाने. आणि गहाण पडलेल्या त्या घरावाचून हा अभ्यासही कराडच्या पलीकडे गेला नसता.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सहायक आयुक्त पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

भारताला पुढील वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये, टेनिसपटू लिएंडर पेस यांच्या रूपाने. मधल्या ४४ वर्षांत उपजत गुणांची मुले या देशात जन्मलीच नाहीत, असे कोण म्हणेल? जन्मली असणारच, त्यांतील कितीजणांना वस्ताद, गादी आणि प्रवासखर्च मिळाला, हाच खरा प्रश्न आहे.