बागेचे राखणदार : डॉ. विल्यम केरी

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापी नदी समुद्राला मिळते तेथे हजीरा आहे. आपल्या खानदेशातून वाहत गेलेले पाणी तेथे पोहोचून खारे होते. पूर्वीपासून ह्या किनाऱ्यावर मच्छीमारांची वस्ती व तिवरांची झाडी आहे. आज तेथेच बंदर, पोलादाचा कारखाना, खताचा कारखाना व नैसर्गिक वायूची मोठी केंद्रे उभी आहेत. हजीऱ्याहून निघालेला वायू नळांतून थेट उत्तर प्रदेशापर्यंत जातो, व वायूपासून तयार झालेला युरिया शेतात पडतो. म्हणजे आपल्या ताटातील भाकरीतही हजीऱ्याचा अंश असू शकतो. दुसरीकडे, तेथील मच्छीमारांनी बंदराच्या विस्ताराविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१६ मध्ये लवादाने विस्ताराची मंजुरी रद्द ठरवून दंड केला, आणि पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

हवामान बदलत आहे, असा विषय निघाला की मंडळ्यांत दोन मते ऐकू येतात. ऋतू देवाच्या हाती आहेत, माणसाच्या हातून ते काय बिघडणार, असे कोणी म्हणतात. यंत्र हेच सर्व पापाचे मूळ, असे दुसरे म्हणतात. ह्या दोन्ही मतांच्या बंधुभगिनींपुढे आम्हांला एक चरित्र ठेवावेसे वाटते. डॉ. विल्यम केरी यांना आपण शास्त्राचे भाषांतरकार म्हणून ओळखतो. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली, मराठी नवा करार १८११ साली निघाला. परंतु त्यांच्या बागेविषयी आपल्या वर्गांत फार थोडे सांगितले जाते.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी ह्या खेड्यात, एका विणकराच्या घरी झाला. त्यांचे एक चुलते माळीकाम करीत. त्यांच्यापासून मुलाला झाडापाल्याची गोडी लागली. उन्हात काम केले की त्वचेला त्रास होई, म्हणून त्यांना शेतावर न ठेवता जोडे शिवण्याचे काम शिकण्यास पाठविले. तरी किडे, पाखरे व रानफुले गोळा करण्याचा नाद सुटला नाही.

१७९३ च्या नोव्हेंबरात ते कलकत्त्यास पोहोचले. थोड्याच दिवसांत जवळचे पैसे संपले. तेव्हा १७९४ च्या आरंभी ते कुटुंबासह सुंदरबनाच्या कडेला गेले आणि झाडी तोडून शेत करू लागले. ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. पोटासाठी रानावर कुऱ्हाड चालविणारा मनुष्य कोणत्या अडचणीत असतो, हे त्यांनी स्वतः अनुभविले होते. पुढे त्यांनी मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली. तेथेच त्यांचा लहानगा मुलगा पीटर आमांशाने वारला.

१८०० च्या जानेवारीत ते बंगालमधील सेरामपूर येथे राहावयास आले. तेथे त्यांनी सुमारे पाच एकरांची बाग लाविली आणि झाडांची शास्त्रीय रीतीने मांडणी केली. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे प्रमुख डॉ. रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही होते. रॉक्सबर्ग यांच्या मरणानंतर त्यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ केरी यांनीच संपादून मिशनच्या छापखान्यात छापला. त्याच रॉक्सबर्ग यांनी झाडांच्या एका कुळीला केरी यांचे नाव दिले होते. डांगच्या व सह्याद्रीच्या रानांतील आपला ‘कुंभा’ तो हाच. शास्त्रात त्याला ‘केरिया आर्बोरिया’ म्हणतात.

एकदा इंग्लंडहून बियांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर केरी यांनी उरलेली माती सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तेथे त्यांच्या मायदेशातील डेझीचे रोप उगवलेले त्यांना दिसले. ते त्यांनी अत्यंत जिवापाड जपले.

१८२० हे वर्ष मात्र विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये सेरामपूरच्या कागद-कारखान्यात वाफेचे इंजिन सुरू झाले. भारतातील अगदी पहिल्या इंजिनांत त्याची गणना होते. तोपर्यंत मजूर पायांनी चाक फिरवीत असत; इंजिनाने ते कष्ट वाचले, आणि शास्त्राच्या प्रतींसाठी कागद मिळू लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात केरी यांच्या पुढाकाराने शेती व बागाईत सुधारणारी संस्था स्थापन झाली. इमारती लाकडासाठी झाडांची लागवड व्हावी, म्हणजे रानेच तोडीत बसावे लागणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. एका हाताने यंत्र घेतले, तर दुसऱ्या हाताने झाड लाविले.

१८२३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला आणि सेरामपूरची ती बाग उद्ध्वस्त झाली. त्या वेळी केरी बासष्ट वर्षांचे असून पायाच्या दुखापतीने अंथरुणावर होते. बरे होताच त्यांनी पुन्हा लागवड केली. शेवटच्या आजारातही त्यांना खुर्चीत बसवून बागेत नेत असत. आपल्यामागे सहकारी मार्शमन बागेत गुरे शिरू देतील, अशी त्यांना काळजी होती. ९ जून १८३४ रोजी ते प्रभूकडे गेले.

केरी जन्मले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. ही वाढ मुख्यतः कोळसा, तेल व वायू जाळल्याने आणि रान तोडल्याने झाली. म्हणजे बिघाड माणसाच्या हातून होऊ शकतो. प्रत्येक संकट मात्र ह्याच खाती मांडू नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत शहर बुडाले, तेव्हा उकाई धरणातून पाणी सोडण्याच्या रीतीवरही कडक टीका झाली. पण समुद्र चढत असताना खाडीच्या मुखाशी लाटांचा जोर मोडणारी तिवरे नाहीशी करणे हा शहाणपणा नव्हे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेत ठेवले, ते ती कसण्यासाठी आणि जपण्यासाठी. कसणे आपण चांगले शिकलो आहोत. हजीऱ्याचा वायू व पोलाद आपण सारेच वापरतो, म्हणून केवळ कारखानदाराकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. जपण्याचा वाटाही आपल्यालाच उचलावा लागेल.

संडे-स्कूलच्या शिक्षकांनी एका रविवारी वर्ग झाडाखाली भरवावा, व अंगणातील झाडांची नावे मुलांकडून पाठ करून घ्यावी. रानाकडील मंडळ्यांनी मुलांना कुंभा दाखवावा. आणि आपल्या जुन्या मिशन कंपाऊंडमधील एखादे झाड गाड्या ठेवण्यासाठी तोडण्याचा प्रस्ताव पंचमंडळापुढे येईल, तेव्हा होकार देण्यापूर्वी ते कोणी लाविले आणि त्याच्या जागी आपण काय लावणार, एवढे तरी सभासदांनी अवश्य विचारावे.