गणितानंद कापरेकर

काही माणसे धनाचा संचय करतात, काही ग्रंथांचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी जन्मभर संख्यांचा संचय केला. त्यांच्यापाशी विद्यापीठातील मोठे पद नव्हते की गणनयंत्रही नव्हते. कागद, पेन्सिल आणि अंकांविषयीचे अपार प्रेम, एवढेच त्यांचे भांडवल होते.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. वडिलांची ती आकडेमोड पाहता पाहता मुलाच्या मनात अंकांची गोडी निर्माण झाली. पुढे ठाण्याच्या शाळेत शिकत असताना ते कोडी सोडविण्यात तासन्‌तास रंगून जात.

१९२३ साली त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याच वर्षीची ही गोष्ट. मुंबईच्या बोरीबंदराहून परळ, दादर, ठाणे अशी स्थानके घेत कल्याणकडे जाणाऱ्या लोहमार्गावर डोंबिवली हे स्थानक आहे. त्या काळी या मार्गावर वाफेची इंजिने धावत. डोंबिवलीच्या स्थानकावर असताना या तरुणाच्या मनात एका निराळ्याच गाडीचे डबे जुळू लागले. ११ ला ११ ने गुणले की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणले की १२३२१ येतात. ११११ ला ११११ ने गुणले की १२३४३२१ येतात. अंक पायरीपायरीने चढतात आणि तसेच उतरतात! या संख्यांच्या कुळाचा त्यांनी पुढे कसून अभ्यास केला आणि त्या स्थानकाची आठवण म्हणून त्यांना डेम्लो संख्या असे नाव दिले.

१९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी अध्यापनाचे व्रत सोडले नाही. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेला वेळ संख्यांच्या सहवासात घालवावा, असा त्यांचा क्रम होता. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव ठेवले. १२ ही अशीच संख्या आहे. तिच्या अंकांची बेरीज ३ आणि ३ ने १२ ला पूर्ण भाग जातो.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. तो त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. मुलांनो, तुम्हीही हा शोध पडताळून पाहा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने लिहा आणि त्यांतून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. कापरेकरांच्या निवृत्तीचे वर्ष १९६२ घेऊ. ९६२१ मधून १२६९ वजा केले की ८३५२ उरतात. ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४ उरतात. पुढे कितीही वेळा ही क्रिया केली, तरी ६१७४ च येत राहतात. कोणत्याही संख्येपासून निघा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही येथेच येऊन पोहोचाल.

परंतु या कामाचे चीज लवकर झाले नाही. कित्येक विद्वानांना हा पोरखेळ वाटे. आपले लेखन कापरेकरांना पुष्कळदा छोट्या पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापावे लागे. निवृत्तीनंतर वेतन पुरेना, तेव्हा त्यांनी शिकवण्या करून चरितार्थ चालविला. तरीही संख्यांवरील त्यांचे प्रेम आटले नाही. अखेर १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने एका विख्यात विज्ञान मासिकात त्यांच्या संशोधनावर लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर झाले. १९८६ साली कापरेकरांनी देह ठेवला.

ज्या संख्यांपासून डेम्लो संख्या निघतात, त्या ११, १११, ११११ यांसारख्या संख्यांची कथा मात्र तेथे संपली नाही. जिला १ आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या होय. ११ ही मूळ संख्या आहे. १११ ला मात्र ३ ने भाग जातो, तर ११११ ला ११ ने. यानंतर १ हा अंक १९ वेळा लिहावा, तेव्हा कोठे पुढील मूळ संख्या मिळते. १ हा अंक १०३१ वेळा लिहून होणारी संख्या मूळ असल्याचे संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले, तेही १९८६ सालीच.

संगणकाच्या लिपीत ० आणि १ हे दोनच अंक असतात. त्या लिपीत ३ ही संख्या ११ अशी लिहितात, ७ ही १११ अशी, तर ३१ ही १११११ अशी. सतराव्या शतकातील मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात आणि त्यांतूनच आज प्रचंड मूळ संख्या शोधल्या जातात. १९९६ सालापासून देशोदेशींचे हौशी लोक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ या शोधासाठी देत आले आहेत. २०२४ साली त्यांच्यापैकी एकास अशी मूळ संख्या सापडली, की ती संगणकाच्या लिपीत लिहिण्यास १ हा अंक १३,६२,७९,८४१ वेळा लिहावा लागेल. आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहिल्यास तिचे अंक ४,१०,२४,३२० भरतात.

कापरेकरांनी असा संगणक कधी हाताळला नाही. तथापि त्यांची आणि या शोधकांची जात एकच. लाभाची आशा न धरता, केवळ जिज्ञासेपोटी ते संख्यांच्या मागे निघतात. डोंबिवलीच्या स्थानकावर थांबलात, तर गाडी येईपर्यंत ११ ला ११ ने गुणून पाहा. एका शिक्षकाने जन्मभर लुटलेल्या आनंदाचा एक कण तुमच्याही हाती लागेल.