‘महात्मा फुले’ पडद्यावर आणणारे आचार्य अत्रे

आचार्य अत्रे म्हटले की बहुतेकांना तीन गोष्टी आठवतात : विनोद, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि ‘श्यामची आई’. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, तेही राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, हे शाळेतले पोरही सांगते. पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटाला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आपल्या चळवळीतल्या तरुणांनाही हे क्वचितच माहीत असते. त्या चित्रपटाचा मुहूर्त कोणाच्या हस्ते झाला, हे तर त्याहून कमी जणांना.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, सासवडजवळच्या कोढीत गावचा. घर ब्राह्मणाचे. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे खानवडी हे गावही याच पुरंदर तालुक्यात आहे. अत्रे मुळात मास्तर. पुण्यातल्या कॅम्प भागात त्यांनी शाळा चालवली, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेतली, परत आल्यावर मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. पुणे नगरपालिकेत नगरसेवक असताना त्यांच्या पुढाकाराने तिथल्या ‘रे मार्केट’चे नाव ‘महात्मा फुले मंडई’ झाले. ज्या पुण्यात १९२५ मध्ये फुल्यांच्या पुतळ्याला कडाडून विरोध झाला होता, त्याच पुण्यात भाजी आणायला निघालेल्या प्रत्येकाच्या तोंडी जोतीरावांचे नाव आले. पडद्यावरचे फुले बऱ्याच नंतरचे. अत्र्यांनी सुरुवात या मंडईपासून केली.

सिनेमात ते लेखक म्हणून शिरले. १९३७ चा ‘धर्मवीर’ आणि १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ हे मास्टर विनायकांसाठी लिहिलेले चित्रपट. धर्माच्या नावाने मिरवणाऱ्यांची आणि ब्रह्मचर्याच्या शपथा घेणाऱ्यांची त्यांनी अशी टर उडवली की लोक पोट धरून हसले. पुढे त्यांनी स्वतःची संस्था काढली. ‘पायाची दासी’, ‘वसंतसेना’ असे चित्रपट झाले. त्यांच्या विनोदाचा रोख मात्र नेहमीच वरच्यांवर नसे. बायकांवरचे त्यांचे काही विनोद आज वाचवत नाहीत, आणि वादात त्यांची जीभ कुठवर जाईल याचा नेम नसे.

१९५३ मध्ये साने गुरुजींच्या पुस्तकावरचा ‘श्यामची आई’ आला. वनमालाबाईंची आई आणि माधव वझेंचा श्याम घराघरांत पोचले. चित्रपट चांगलाच आहे, पण आपण तो जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवा. मूळ पुस्तकात आई श्यामला एका महार म्हातारीची मोळी डोक्यावर चढवून द्यायला पाठवते, आणि कोणी बोललेच तर घरी जाऊन आंघोळ करणार आहे असे सांग, असेही बजावते. दया आहे, पण विटाळ गेलेला नाही. साने गुरुजींनी पुढे १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिर प्रवेशासाठी उपोषण केले, हे नाकारायचे कारण नाही. तरीही त्या आईच्या अंगणात अस्पृश्याला जे मिळते, ते मायेपोटी मिळते.

फुल्यांनी मागितले ते हक्क. म्हणूनच सुवर्णपदकाच्या यशानंतर दुसरी आई, दुसरा श्याम न करता अत्र्यांनी फुल्यांचा विषय घेतला, याला महत्त्व आहे. ब्राह्मण घरातला माणूस पुरोहितशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माळी समाजातल्या माणसाचे चरित्र पडद्यावर आणत होता. जानेवारी १९५४ मध्ये मुंबईच्या फेमस स्टुडिओत चित्रपटाचा मुहूर्त झाला, तो बाबासाहेबांच्या हस्ते. बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना बाबासाहेब गुरू मानत. ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा ग्रंथ त्यांनी १९४६ मध्येच जोतीरावांना अर्पण केला होता. गुरूच्या चित्रपटाला शिष्याचा हात लागला. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीमाई. गाडगेबाबांचे कीर्तनही त्यात आहे. ज्यांनी गाडगेबाबांना कधी ऐकले नाही, त्यांनी तेवढ्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा.

२०२५ मध्ये फुल्यांवरचा हिंदी चित्रपट येऊ घातला, तेव्हा ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. जातींची नावे आणि मनूच्या व्यवस्थेचे उल्लेख बदलायला सेन्सॉरने सांगितले आणि ११ एप्रिलचे प्रदर्शन दोन आठवडे पुढे गेले. एकाहत्तर वर्षांपूर्वी याच विषयाला मुहूर्तासाठी बाबासाहेब लाभले होते आणि नंतर राष्ट्रपतींचे पदक.

काँग्रेसमध्ये असलेल्या अत्र्यांची बाबासाहेबांशी सुरुवातीपासून गट्टी होती असे नाही. ती हळूहळू जमत गेली. एप्रिल १९४७ मध्ये अत्र्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिकाचा आंबेडकर विशेषांक काढला. पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि अत्रे एका मांडवाखाली आले. १९५७ च्या निवडणुकीत अत्रे विधानसभेवर निवडून गेले.

त्याआधी १५ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले होते. तीन आठवडेच झाले होते, तोच ६ डिसेंबर उजाडला. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर, आज जिथे चैत्यभूमी आहे तिथे, लाखोंच्या जनसागरासमोर अत्रे बोलायला उभे राहिले. सभा हसवण्यासाठी ज्यांची ख्याती होती, त्या माणसाने त्या दिवशी रडणाऱ्यांच्या दुःखाला शब्द दिले. नंतरही ते ‘मराठा’त बाबासाहेबांवर लिहीत राहिले. ‘दलितांचे बाबा’ हे त्यांचे पुस्तक त्यातूनच आले. अत्रे स्वतः बौद्ध झाले नाहीत. पण ज्या वेळी बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या लेखी बाबासाहेब एका जातीचे पुढारी होते, त्या वेळी अत्र्यांनी आपल्या नव्या दैनिकाचा अग्रलेख त्यांच्यासाठी मोकळा ठेवला.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्र्यांचे निधन झाले. ‘कऱ्हेचे पाणी’ हे त्यांचे अनेक खंडांचे आत्मचरित्र वाचनालयांत सहज मिळते.