तंजावरचे सरफोजी राजे

राज्याचा कारभार हातून गेल्यावर एका राजाने आपल्या नगरासाठी काय केले, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

इ.स. १६७६ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तामिळनाडूतील तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. याच भोसले कुळात २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजींचा जन्म झाला. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. परंतु लवकरच तुळजाजींचे निधन झाले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. पोरक्या सरफोजींचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने केला. मद्रास येथे त्यांना अनेक भाषांचे व आधुनिक विद्यांचे शिक्षण मिळाले.

१७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. मात्र १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांची सत्ता तंजावरचा किल्ला व त्याच्या परिसरापुरती उरली. शिवाय त्यांना वार्षिक तनखा व महसुलाचा काही हिस्सा मिळे. असा तनखा चैनीत उडविणे सोपे होते. सरफोजींनी तो विद्येसाठी आणि नगरासाठी वेचला.

तंजावर हे कावेरीच्या सपाट त्रिभुज प्रदेशातील दाट वस्तीचे नगर. अशा ठिकाणी पाणी साचले की रोगराई पसरते. बृहदीश्वर मंदिरालगतचे शिवगंगा तळे हा नगराचा जुना जलसाठा होता. सरफोजींनी लोकांसाठी आणखी तळी व विहिरी करविल्या आणि सांडपाणी वाहून नेण्यासाठी भूमिगत गटारे बांधविली.

राजवाड्याच्या आवारात त्यांनी प्राणिसंग्रह उभारला. तेथील पशुपक्ष्यांची चित्रे त्यांनी कुशल चित्रकारांकडून काढून घेतली. त्यांपैकी काही चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. त्यांच्या धन्वंतरी महालात माणसांवर आणि जनावरांवरही उपचार होत. आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढून त्यांची नोंद ठेवली जाई, म्हणजे पुढच्या पिढ्यांना त्या ओळखता याव्यात.

१८२० मध्ये सरफोजी काशीयात्रेस निघाले. परतताना त्यांनी पुष्कळ हस्तलिखिते आणली व सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी राजे यांचा मृत्यू झाला. त्यांना पुत्र नसल्याने कंपनीने तंजावर खालसा केले. राजपद संपले, ग्रंथ आणि चित्रे मात्र टिकून राहिली. ज्या नगरात आपण राहतो, तेथील पाणी, वनस्पती व मुके जीव यांची काळजी घेण्यास सिंहासनाची गरज नसते, हेच सरफोजींचे चरित्र आपल्याला शिकविते.

पाठगत प्रश्न
१. १७९९ च्या तहानंतर सरफोजींकडे काय उरले?
२. नगराच्या आरोग्यासाठी त्यांनी कोणती कामे केली?
३. तुमच्या गावातील एखाद्या तळ्याची किंवा विहिरीची आजची स्थिती पाच वाक्यांत लिहा.